हात काढला की तिथेच राहणारा लॅम्प: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

ठरलं एकदाचं. टेबल लॅम्प करायचा, दोन दांड्यांचा, जिथे नेऊन हात काढाल तिथेच राहणारा, आणि एकही नॉब न पिळता. असे लॅम्प आहेतच की, असं कुणीही म्हणेल. आहेत, पण त्यातले बरेचसे खरं तर आवळून धरलेले असतात, जॉइंटला प्लॅस्टिकचा नॉब, घट्ट केला की दांडा हलत नाही आणि ढिला केला की लॅम्प मान टाकतो, मधलं काही नाहीच. मला आवळायचं नाहीये, तोलायचंय. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण अख्खं डिझाईन त्या फरकावर उभं राहतं.

स्वतःपुरती एक अट घालून घेतलीये: प्रत्येक पार्टकडून शक्यतो दोन कामं करून घ्यायची. एकाच कामासाठी बसून राहिलेला पार्ट दिसला की त्याची चौकशी करायची.

९ जानेवारी

आधी जुन्या लोकांनी काय केलंय ते बघून घेतलं. या सगळ्याचा मूळ पुरुष जॉर्ज कारवर्डाइन, गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारा इंग्लिश इंजिनिअर. १९३२ साली त्याने स्प्रिंगने तोललेल्या दांड्याचं पेटंट घेतलं, आणि मग हर्बर्ट टेरी या स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीने तो लॅम्प बाजारात आणला, तोच अँगलपॉइज. पहिल्या मॉडेलला चार स्प्रिंगा होत्या, १९३५ च्या १२२७ मॉडेलमधे तीन झाल्या. पुढे १९३७ मधे नॉर्वेच्या याक याकोबसेनने हक्क घेऊन लक्सो एल-१ काढला. गंमत अशी की अँगलपॉइजच्या सगळ्या स्प्रिंगा खाली बेसजवळ गोळा केलेल्या, म्हणून वरचे दांडे एकदम सडपातळ दिसतात, आणि लक्सोच्या स्प्रिंगा दांड्यांच्या बाजूने उघड्या ताणलेल्या. काम तेच, पण एक लॅम्प शांत दिसतो आणि दुसरा मशीनसारखा. मला पहिला जास्त आवडतो, पण स्प्रिंगा खाली न्यायच्या म्हणजे वरच्या दांड्याची ओढ खालपर्यंत आणायला जास्तीच्या पट्ट्या आल्या, त्यापेक्षा स्प्रिंग दांड्याच्या पोटात घालता आली तर बघू. दांडा तसाही पोकळ पाइपच असणारे.

त्याच सुमारास, म्हणजे १९३२ मधेच, तिकडे टेक्सस युनिव्हर्सिटीत लुसियन लाकोस्ट नावाचा विद्यार्थी भूकंपमापकासाठी वेगळ्याच प्रश्नावर डोकं लढवत होता आणि तो जाऊन पोचला 'शून्य लांबीच्या' स्प्रिंगपाशी. लॅम्पशी याचा काय संबंध ते पुढे येईलच, माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे.

१० जानेवारी

हिशोब. पाइप ॲल्युमिनियमचा, वरचा दांडा ३५० मिमी, वजन ९० ग्रॅम. डोकं, म्हणजे एलईडी, हीटसिंक (एलईडीची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणि शेड मिळून २८० ग्रॅम. दांडा आडवा असताना जॉइंटवर येणारा मोमेंट, म्हणजे वजन गुणिले त्याचं जॉइंटपासूनचं आडवं अंतर, दांड्याला खाली फिरवू बघणारा जोर, साधारण १.१२ न्यूटन-मीटर. दांडा वर नेला की हा मोमेंट कमी होतो, खाली नेला तरी कमी होतो, आडवा असताना सगळ्यात जास्त. म्हणजे स्प्रिंगनेही अगदी त्याच प्रमाणात कमी-जास्त ओढायला हवं, एका जागी तोललं आणि बाकी ठिकाणी सुटलं असं चालणार नाही.

मांडणी साधी आहे. जॉइंटच्या बरोबर वर, ४० मिमीवर, स्प्रिंगचं एक टोक. दुसरं टोक दांड्यावर, जॉइंटपासून ९० मिमीवर. आता स्प्रिंगची ओढ तिच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात असेल, म्हणजे लांबी दुप्पट तर ओढ दुप्पट, तर गणित असं काही जमतं की कोन समीकरणातून गायबच होतो. उरतं एवढंच: स्प्रिंगचा ताठपणा गुणिले ती ४० मिमी उंची गुणिले ते ९० मिमी अंतर बरोबर वजनाचा मोमेंट. कोन कुठलाही असो, तोल तोच. माझ्या आकड्यांना स्प्रिंग येते साधारण ३१० न्यूटन प्रति मीटरची. दांडा आडवा असताना ती जवळपास ३ किलोच्या ताकदीने ओढत असेल, २८० ग्रॅमचं डोकं धरायला! जॉइंटच्या पिना बारीक ठेवायचा मोह होतोय, पण हा आकडा बघितला की आवरतो.

१४ जानेवारी

प्लायवूडच्या फळीवर एकच दांडा लावून टेस्ट. मागे कोनमापक चिकटवलाय, आणि टोकाला छोटा ताणकाटा अडकवून प्रत्येक कोनात किती ओढ उरते ते मोजायचं.

मुद्दाम आधी साधी स्प्रिंग लावली, सैल असताना ५० मिमी लांबीची, दांडा आडवा असताना बरोबर तोलला जाईल इतपत ताठ. आडवा असताना छान थांबतो. ५० अंश वर नेला की टोकाशी ११० ग्रॅमच्या आसपास ओढ खाली. ४० अंश खाली नेला की ४५ ग्रॅमच्या आसपास वर. म्हणजे कुठेही न्या, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा परत मधेच येतो. कारण उघड आहे, साधी स्प्रिंग शून्यापासून ओढत नाही, ५० मिमीच्या पुढे ओढायला सुरुवात करते. दांडा वर गेला की स्प्रिंगचं ताणणं फारच कमी उरतं आणि ती ढेपाळते, खाली गेला की उगाच जोर करते.

इथे लाकोस्ट कामाला येतो. स्प्रिंगची स्वतःची लांबी हिशोबातून काढून टाकायची. एक रस्ता म्हणजे स्प्रिंग वळतानाच वेटोळी एकमेकांवर दाबून वळायची, म्हणजे उघडायच्या आधीच तिच्यात ताण भरलेला असतो, आणि तो नेमका तेवढा भरला की ती जणू शून्य लांबीपासूनच ताणली जातेय अशी वागते. दुसरा रस्ता हातावर काम करणाऱ्यांसाठी: स्प्रिंग दांड्याच्या पोटात दूर ठेवायची, तिला दोरी बांधायची, दोरी ९० मिमीवरच्या छोट्या पुलीवरून बाहेर काढून वरच्या पॉइंटला बांधायची. आता पुलीपासून पॉइंटपर्यंत जेवढी दोरी दिसते तेवढंच स्प्रिंगचं ताणणं. स्प्रिंग पोटात कितीही लांब असो, बाहेर तिचा पत्ताच नाही.

१५ जानेवारी

मित्र येऊन फळी बघून गेला. त्याच्याकडे लेथ आहे, त्यामुळे त्याचं ऐकावं लागतं. म्हणे, "अरे एवढं कशाला, नॉब लाव ना मोठा, घट्ट कर, विषय संपला." मी म्हटलं तू दांडा हलवून बघ नॉब लावून. त्याने हलवला, पहिल्यांदा जोर लावावा लागला आणि मग एकदम सटकून पुढे गेला. हेच तर आहे आवळण्याचं. अडकलेलं असताना जोर जास्त लागतो, एकदा सुटलं की कमी, म्हणून हवी तिथे जागा धरताच येत नाही, दोन बोटं अलीकडे नाहीतर पलीकडे. "बरं बाबा, कर तुझं गणित," म्हणाला, पण पुलीसाठी पितळेचे तुकडे देऊन गेला.

२० जानेवारी

दोरी आणि पुली बसली. स्प्रिंग पाइपच्या आत, बंद लांबी ११० मिमी. मिळालेल्या स्प्रिंगमधे आधीपासूनच ६ न्यूटनचा ताण भरलेला निघाला, पण त्याने काही बिघडत नाही. उलट हिशोबात धरला की झालं: ६ भागिले ३१० म्हणजे १९ मिमी, म्हणजे पुलीबाहेर १९ मिमी दोरी आल्यावर स्प्रिंग उघडायला लागली पाहिजे, त्याआधी नाही. दोरीची लांबी त्या बेताने बांधली.

आणि मग मोजलं. ४० अंश खाली ते ५० अंश वर, कुठेही नेलं तरी उरलेली ओढ १० ग्रॅमच्या आत. जी काही उरली ती पुलीच्या जाडीमुळे, कारण दोरी सुटते ती पुलीच्या कडेवरून, केंद्रातून नाही, आणि कोन बदलला की ती जागा थोडी सरकते. पुली अजून लहान केली की हेही कमी होईल, पण मग दोरी फार कडक वळणार. राहू दे.

दांडा बोटाने ढकलल्यावर जो काही तरंगल्यासारखा जातो ना, ते गणितातून कळत नाही. वजन आहे पण लागतच नाही.

२४ जानेवारी

दोरी कसली घ्यायची यावर अख्खा दिवस गेला. मासेमारीची विणलेली पॉलिएथिलीनची दोरी मस्त लवचिक, ताणलीही जात नाही, पण सतत भाराखाली ठेवली की ती हळूहळू लांबत जाते, आणि इथे भार रात्रंदिवस आहे. शिवाय इतकी गुळगुळीत की गाठ सरकते. सायकलच्या ब्रेकची वायर या पुलीसाठी फार जाड. शेवटी बारीक तारांची ०.८ मिमीची स्टील दोरी. टोकाला एक स्क्रू, त्याने लांबी थोडी कमी-जास्त करता येईल.

२९ जानेवारी

दुसरा दांडा. इथे नवीन भानगड, वरच्या दांड्याची स्प्रिंग ज्या पॉइंटला बांधलीये तो जॉइंटच्या बरोबर वर, उभ्या रेषेत हवा. पण तो पॉइंट आता कोपरावर, म्हणजे दोन दांडे जुळतात त्या जॉइंटवर आहे, आणि खालचा दांडा फिरला की कोपर त्याच्याबरोबर फिरणार. मग तोल गेला.

उत्तर जुनंच आहे, समांतरभुज चौकोन. खालचा दांडा एकच न ठेवता त्याला समांतर एक बारीक सळी द्यायची, म्हणजे बेसवरचा खांब, दांडा, कोपर आणि सळी मिळून चौकोन होतो आणि कोपराची पट्टी कुठेही गेली तरी कलत नाही. याचा दुसरा फायदा आधी लक्षात येत नाही: वरचा दांडा कुठल्याही कोनात असो, खालच्या दांड्याला त्याचं फक्त वजन लागतं, तेही जणू कोपरावरच ठेवल्यासारखं. म्हणजे दोन्ही दांड्यांचे हिशोब वेगवेगळे करता येतात, एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही. ही सळी नसती तर हा लॅम्प तोलणं माझ्यासारख्याचं काम नव्हतं.

खालचा दांडा ४०० मिमी धरला. मोमेंट आला १.९ न्यूटन-मीटर. वेगळी, जास्त ताठ स्प्रिंग शोधायला निघालो होतो, पण सूत्राकडे परत बघितलं तर ताठपणा न बदलता अंतरं बदलली तरी चालतंय. खांबावर ५० मिमी, दांड्यावर १२३ मिमी, स्प्रिंग तीच. दोन्ही दांड्यांना एकच स्प्रिंग, फक्त भोकं वेगळ्या जागी.

चौकोन करताना एक लक्षात ठेवायला लागतं, दांडा आणि छोटी पट्टी एका रेषेत आली की चौकोन चपटा होतो आणि सळीचा उपयोग शून्य. म्हणून खांबावर सळीचा जॉइंट उभा वर न घेता मागे तिरका घेतलाय, दांडा आडव्यापासून २० ते १०० अंशांत कुठेही फिरला तरी दांडा आणि सळीमधे २३ मिमीच्या खाली अंतर जात नाही.

३ फेब्रुवारी

वायर. दांड्याबाहेरून लोंबणारी वायर मला नकोय, आतून न्यावी तर आत स्प्रिंग. आणि वायरचा स्वतःचा ताठपणा असतो, एवढा छान तोललेला दांडा एका जाड वायरने परत एका बाजूला ओढायचा म्हणजे मेहनत पाण्यात.

मग अर्थातच टिझिओ. रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने १९७२ मधे आर्टेमिडे या इटालियन कंपनीसाठी केलेला काळा लॅम्प. त्यात स्प्रिंगच नाही, दांड्यांच्या मागच्या टोकाला वजनं आहेत आणि त्यांनी तोल सांभाळलाय. पण खरी करामत विजेची आहे. ट्रान्सफॉर्मर बेसमधे, तिथे व्होल्टेज १२ पर्यंत उतरवलं, आणि मग करंट थेट दांड्यांतूनच वर नेला. वायरच नाही. १२ व्होल्टला हात लागला तरी काही होत नाही, म्हणून दांडे उघडे ठेवता आले. हॅलोजनचा बल्ब ५० वॉटच्या घरातला, म्हणजे त्या जॉइंटमधून ४ अँपिअरच्या वर जात होते. माझा एलईडी ७ वॉटचा, जेमतेम ०.६ अँपिअर. त्याच्यापेक्षा माझं काम कितीतरी सोपं.

आणि माझ्याकडे दोन दांडे आधीच आहेत की! दांडा प्लस, समांतर सळी मायनस. सळी आधी कोपर सरळ ठेवायला आली होती, आता ती वायरही झाली. वरच्या दांड्यालाही अशीच सळी दिली की करंट डोक्यापर्यंत जाईल, आणि डोकंही लॅम्प हलवताना आपला कल सोडणार नाही. कोपराची पट्टी मात्र प्लॅस्टिकची करावी लागेल, नाहीतर प्लस-मायनस तिथेच भेटतील.

टिझिओबद्दल अजून एक, लिहून ठेवतो. ट्रान्सफॉर्मर बेसमधे असल्यामुळे त्याचं वजन लॅम्प उलटू नये म्हणून फुकटात कामाला आलं. आता एलईडीचे ॲडाप्टर इतके हलके झालेत की ते फुकटचं वजन गेलं, आणि तेवढं लोखंड वेगळं घालावं लागतं. प्रगती झाली की एखादा जुना जुगाड असा हातचा जातो, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

८ फेब्रुवारी

बेसचा हिशोब, आणि हा मला वाटलं त्यापेक्षा बराच रंगला.

दांडे पूर्ण लांब केले तर (खालचा दांडा २० अंशांच्या खाली जात नाही हे धरून) डोकं खांबापासून साधारण ७२५ मिमीवर जातं. बेस २०० मिमी व्यासाचा गोल. लॅम्प उलटायच्या काठावर असताना बेसचं वजन लागतं २.४ किलो. पण काठावर ठेवून चालत नाही, कुणाचा तरी कोपर लागणार, म्हणून किमान दीडपट, म्हणजे ३.६ किलो. २०० मिमीची स्टीलची चकती १५ मिमी जाड घेतली की ३.७ किलो होते. टेबल लॅम्पसाठी हे फार जड आहे, उचलून ठेवताना शिव्या पडतील.

वजन खाली वाढवण्यापेक्षा वर कमी करावं म्हणून डोकं खोललं. २८० ग्रॅममधला मोठा वाटा हीटसिंकचा, पंखे पंखे असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याच्यावर शेड, तीपण ॲल्युमिनियमची, आणि तिचं एकच काम, प्रकाश डोळ्यात जाऊ न देणं. माझ्या अटीप्रमाणे चौकशी झाली. एलईडीची प्लेट थेट शेडच्या आतल्या सपाट भागाला स्क्रूने, मधे उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट, ठोकळा काढून टाकला. शेडचं एवढं मोठं पत्र्याचं क्षेत्रफळ हवेत उघडं आहे, ७ वॉट तिला काहीच नाहीत. तासनतास चालू ठेवून हात लावला, कोमट.

डोकं झालं १९० ग्रॅम. आता ९० ग्रॅम कमी झाल्याने काय काय बदललं बघा. उलटायच्या काठाचं बेसचं वजन २.४ वरून १.८५ किलोवर, म्हणजे वरचे ९० ग्रॅम काढले आणि खाली साडेपाचशे ग्रॅमची गरज संपली. चकती १२ मिमीची चालतेय, ३ किलोला थोडी कमी. स्प्रिंगा त्याच, वरच्या दांड्यावरचं भोक ९० वरून ६५ मिमीवर आलं आणि खालचं १२३ वरून १०० वर. जॉइंटवरची ओढ ३ किलोवरून अडीचच्या आत. लांब हाताच्या टोकाचा प्रत्येक ग्रॅम खाली पाच-सहा पटीने मोजला जातो, त्यामुळे असा लॅम्प करायला बसलं की कामाला सुरुवात शेडपासून करावी, बेसपासून नाही.

१२ फेब्रुवारी

मित्राला दाखवला. या वेळी नॉबचं नाव नाही. पण एक प्रश्न बरोबर विचारला: "इतका हलका फिरतोय तर पंख्याच्या वाऱ्याने हलणार नाही का?"

हलेल. तोल अगदी परफेक्ट असला की लॅम्पला स्वतःचं मतच नसतं, टेबल हललं तरी सरकेल. आणि तोल परफेक्ट नाहीचे, १० ग्रॅमपर्यंत ओढ आहेच. म्हणजे थोडं घर्षण हवंच. फक्त त्याचं काम वजन धरणं हे नाही, तोलात जे उरलं तेवढं झाकणं. टोकाला २० ग्रॅमइतकं घर्षण पुरे, हाताला ते कळतही नाही.

घर्षणावर पूर्ण भरवसा टाकून केलेलं एक काम मात्र मला फार भारी वाटतं, पॅरेन्टेसी. फ्लॉस या इटालियन कंपनीने १९७१ मधे आणलेला दिवा. मूळ कल्पना डिझायनर पिओ मान्झूची, दांडीवर सरकणारा दिवा आणि त्याला जागेवर धरायला स्क्रू. मान्झू वारल्यावर अकीले कास्तिलिओनी या दुसऱ्या डिझायनरने दांडी काढून तिथे ताणलेली स्टीलची दोरी आणली, छतापासून जमिनीपर्यंत, खाली वजन. दिव्याची नळी कंसासारखी वाकलेली, दोरी तिच्यातून जाते. वाकल्यामुळे दोरी नळीला घासते आणि दिवा थांबतो, हाताने ढकलला की सरकतो. स्क्रू गेला. नळीच्या वाकण्यातच ब्रेक. तिथे घर्षण चालतं कारण दिवा सरळ वर-खाली जातो, लांब हातावर टांगलेला नाही, म्हणून भार कायम तेवढाच. माझ्याकडे चाललं नसतं.

१७ फेब्रुवारी

कोपराच्या जॉइंटमधे लाइट लुकलुकतोय. दांडा हलवला की क्षणभर जातो आणि येतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो आणि तो वीज नेत नाही, वरून दाबून ठेवलं तरी भरवसा नाही. पाइपच्या टोकात पितळेचा बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकून बसवला, ठोकताना तो थर खरवडला जातो आणि आत परत हवा जात नाही. मग बुशच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्रॉन्झचे लाटदार वॉशर, म्हणजे दोन कॉन्टॅक्ट, एक सुटला तरी दुसरा धरून. आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला नेमका करंट देणारं सर्किट, बेसमधून डोक्यात हलवला, क्षणभराची वीज साठवणाऱ्या छोट्या कपॅसिटरसकट ८ ग्रॅमचा, म्हणजे सूक्ष्म खंड पडला तरी दिव्याला कळू नये. लुकलुक बंद. १९८ ग्रॅमच्या डोक्यासाठी ६५ चं भोक ६७ वर.

आता हे वॉशर बघा. कॉन्टॅक्टसाठी त्यांनी दाबून बसायलाच हवं, आणि दाबून बसले की घर्षण आलंच. मोजलं तर टोकाला २० ग्रॅमच्या जवळपास! परवा जे घर्षण कुठून आणायचं म्हणून नायलॉनचे वॉशर शोधत होतो ते विजेच्या कामातून आपसूक मिळालं. नायलॉनचे परत डब्यात.

शॉर्टची काळजी राहते. उघडे दोन दांडे, मधे २३ मिमी, कुणी स्टीलची पट्टी टेकवली तर ठिणगी. ॲडाप्टर शॉर्ट झाल्यावर स्वतः बंद होणारा घेतलाय, मुद्दाम पक्कड टेकवून बघितली, गुपचूप बंद पडला आणि काढल्यावर परत सुरू.

२३ फेब्रुवारी

पार्ट मोजायला बसलो. वस्तूतले पार्ट कमी करायची पद्धत मांडणाऱ्या बूथरॉयड आणि ड्यूहर्स्ट या इंजिनिअरांचे तीन प्रश्न भिंतीवर लावलेत: हा पार्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा हलतो का, वेगळ्याच मटेरियलचा असणं गरजेचं आहे का, वेगळा नसेल तर जोडणं-काढणं अडतं का. तिन्हींना 'नाही' आलं की तो शेजाऱ्यात विरघळवून टाकायचा. पुलीचा वेगळा ब्रॅकेट गेला, पाइपलाच खाच पाडून पिन आरपार घातली. डोक्याचा कॉलर गेला. नटांचे चार साइज होते, एक केला.

टोनेट या फर्निचर कंपनीच्या वाकवलेल्या लाकडाच्या १४ नंबरच्या खुर्चीशी तुलना करायचा मोह होतो, १८५९ सालची, सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या. तिथपर्यंत मी जात नाही. पण लॅम्प पूर्ण सुटा होतो आणि दांडे शेजारी शेजारी ठेवता येतात, एवढं तरी झालं.

२७ फेब्रुवारी

आज फक्त कोपराची पट्टी. मित्राला न सांगता त्याच्याकडून लॅम्प जोडून घेतला, तो कुठे अडखळतो ते बघायला. तिथेच अडखळला, पट्टी उलटी बसते. उलटी बसली की लॅम्प जोडला जातो, दिसायलाही ठीक, पण वरचा दांडा लटकतो.

कारखान्यातल्या चुका टाळण्यावर काम केलेल्या शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचं छोट्या स्विचचं उदाहरण इथे आठवतं. बटणाखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या, आणि कामगार कधीतरी एक विसरायचे. त्याने लक्ष द्या म्हणून पाट्या लावल्या नाहीत. आधी दोन स्प्रिंगा छोट्या ताटलीत काढायच्या, मग बसवायच्या, एवढंच केलं. ताटलीत एक उरली तर ती समोर दिसतेच. विसरणं थांबवलं नाही, विसरलेलं दिसेल असं केलं.

मी पट्टीच्या एका भोकाचा व्यास ५ मिमी ठेवला आणि दुसऱ्याचा ६. पिनाही तशाच. उलटी आता बसतच नाही, सूचना लिहायची गरज नाही.

५ मार्च

पूर्ण लॅम्प जोडून टेबलावर. दोन्ही दांडे, सगळ्या कोनांत, उरलेली ओढ घर्षणाच्या आत. डोकं एका बोटाने जातं आणि थांबतं. स्टील दोरी आठवडाभर ताणून ठेवली होती, लांबी बदललेली दिसत नाही. पुलीवरून पुन्हा पुन्हा वळून तिची एखादी तार तुटते का ते मात्र महिन्याभराने परत उघडून बघायचं, अशा बारीक पुलीवर तीच जागा सगळ्यात आधी जाणार.

एकच वाद बाकी आहे, दोरीची लांबी बदलायचा तो स्क्रू बाहेर ठेवायचा की आत. मित्र म्हणतो आत, लोक उगाच फिरवत बसतील. मला तो बाहेर हवाय, कारण उद्या कुणी वेगळी, थोडी जड शेड लावली तर तोल परत जुळवता आला पाहिजे, नाहीतर पहिली शेड फुटली की अख्खा लॅम्प भंगारात. पण स्क्रूने फक्त ताण सरकतो, मोमेंट खऱ्या अर्थाने जुळवायचा तर पुलीची पिनच पुढे-मागे व्हायला हवी. म्हणून स्क्रू आत जाईल आणि पाइपला ५ मिमीच्या अंतराने भोकांची ओळ येईल, ६० पासून ९० मिमीपर्यंत, पिन काढून पुढच्या भोकात घातली की झालं. वरच्या दांड्याला एका भोकाचा फरक म्हणजे डोक्याच्या वजनात साधारण १८ ग्रॅम. खालच्या दांड्यालाही अशीच ओळ लागेल, शेड बदलली की तोही बदलतो. भोकं पाडायला पाइप परवा लेथवाल्याकडे जातील.